झोपेतला हात

माझं पीएचडीचं काम झोपेत हातपाय झाडणाऱ्या माणसांवर आहे. ऐकून लोक हसतात. गावाकडे सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "सून दिल्लीत लोकांना झोपायला शिकवते." तेव्हा मीही हसले होते. आता मात्र विषय निघाला की मी तो बदलते, कारण माझ्या अभ्यासातला सगळ्यात स्पष्ट पेशंट माझ्याच घरात आहे आणि त्याचं नाव मला कुठेच घेता येत नाही.

माझे यजमान फौजेत हवालदार आहेत. आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहतो. डोक्यावरून सतत विमानं जातात, कुकरची शिट्टीसुद्धा त्यात बुडते. सीमेवरचं पोस्टिंग संपवून आल्यापासून हे झोपेत ओरडतात, कुणाला तरी ढकलतात, गुद्दे मारतात. स्वप्न पडत असताना आपलं अंग आपोआप सैल पडतं, म्हणून स्वप्नातली मारामारी स्वप्नातच राहते. ह्यांच्या बाबतीत ती सोय बिघडलीय. जागेपणी हाच माणूस झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो. हे मी कौतुकाने नाही, वैतागून सांगतेय.

यावर औषध आहे. पण त्यासाठी फौजी डॉक्टरांपुढे जायचं, आणि मग मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतला तंदुरुस्तीचा दर्जा, खाली जायची भीती. यंदा ह्यांचं नायब सुभेदारीचं प्रमोशन आहे. ते हुकलं की पेन्शन घेऊन गावी, आणि माझी पीएचडी अर्धवट. बाहेरच्या डॉक्टरचं नाव काढलं तर "कळल्याशिवाय राहत नाही" एवढंच उत्तर. त्यामुळे मी विद्यापीठात परक्या बायकांना ठणकावून सांगते, नवऱ्याला घेऊन या, लपवू नका. आणि घरी येऊन पलंगाच्या मधोमध उशा रचते. स्वतःचाच संताप येतो.

या उन्हाळ्यात उशा ओलांडून एक गुद्दा माझ्या डोळ्याखाली बसला. सकाळी कपडे वाळत घालताना शेजारच्या हरियाणवी भाभीने पाहिलं.

"दरवाजा लग गया," मी म्हणाले.

"हमारे यहाँ भी दरवाजे ऐसे ही लगते हैं," ती म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

त्याच आठवड्यात कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीने, म्हणजे आमच्या मॅडमनी, बोलावून घेतलं. उद्याच्या वेल्फेअर मीटिंगमध्ये बायकांना झोपेवर चार शब्द सांगायचे, हे निमित्त. चहा आला, दार लोटलं गेलं आणि त्यांनी माझा हात धरला.

"डरना मत. वो मारता है?"

बाई मनापासून विचारत होत्या, म्हणूनच जास्त कोंडल्यासारखं झालं. खरं सांगावं तर ह्यांची कॅटेगरी, नाही म्हणावं तर डोळ्याखालचा निळा डाग. "मॅडम, कल बताती हूँ," मी पुटपुटले. नाही म्हणायला कुणी उद्याची वेळ मागतं का? त्यांचा संशय मीच पक्का करून आले.

घरी हे बूट पॉलिश करत बसले होते. मी सगळं सांगितलं. ब्रश थांबला नाही.

"मारतो म्हणून सांग."

"काय?"

"रागात एकदा हात उचलला म्हण. साहेब बोलावतील, झापतील, सोडून देतील. त्याने कॅटेगरी खाली जात नाही."

"अहो, तुम्ही आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाहीत!"

"ते तुला माहितीय ना? मग बास."

बास कसं? मी भांडले, रडले, पातेलं आपटलं. दुसरा रस्ता मलाही दिसत नव्हता, याची चीड सगळ्यात मोठी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी मला जवळ घेतलं. मग मी समोर उभी राहून बोलले. झोपेचे आजार अंगावर काढू नका, लाजू नका, डॉक्टरकडे जा. टाळ्या पडल्या. भाभी पहिल्या रांगेत होती.

संध्याकाळी हे आले आणि उभ्याउभ्याच पाणी प्यायले.

"काय म्हणाले साहेब?"

"बायकोवर हात टाकणारा माणूस मला माझ्या पलटणीत नको, म्हणाले. पुन्हा कानावर आलं तर प्रमोशन विसर."

"आणि तुम्ही?"

"येस सर म्हणालो."

त्यांनी ग्लास विसळून पालथा घातला. जिन्यात भाभीने नमस्तेला उत्तर दिलं नाही, हेही सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मग पलंगावरच्या उशांकडे बघत म्हणाले, "आता मी बाहेरच्या खोलीत खालीच झोपतो. आणखी एक डाग दिसला तर सगळं जाईल."

मी त्यांची सतरंजी भिंतीलगत अंथरली. खोली तेवढीच, दुसरीकडे जागाच नव्हती. पलंगावरच्या सगळ्या उशा आणून मी त्या भिंतीला ओळीने लावल्या, ह्यांच्या हाताला लागू नये म्हणून.