आणखी एक दगड

मी प्रश्न पुरता विचारलाही नव्हता, तोच चौथीच्या मुली ओरडल्या, "सारखं वजन, सारखं अंतर, काठी आडवी!"

मागे बसलेले परीक्षक डेप्युटी साहेब खुशीत मान डोलवत होते. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातला हा माझा परीक्षेचा पाठ. राज्य इंग्रजांचं, माझं शिक्षण मराठी सातवी. पास झाले तर सर्टिफिकेट आणि पिंपळनेरच्या मुलींच्या शाळेत कायमची नोकरी. नापास झाले तर ती जागा दुसरीला.

आमच्या मुख्य बाई तेव्हा संशोधन करत होत्या. गणित आणि पदार्थविज्ञान तोंडी सांगून जास्त कळतं की वस्तू दाखवून, हे त्यांना ठरवायचं होतं. जे ठरेल त्याप्रमाणे पुढच्या शिक्षिका तयार करायच्या. तुलना चोख व्हावी म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना एकच पाठ दिला, काठीच्या तराजूचा. मधोमध दोरीनं टांगलेली काठी आणि दोन टोकांना एकेक दगड. शिकवायचं सराव शाळेत, म्हणजे कॉलेजला जोडलेल्या शाळेत. वर्ग तोच, मुली त्याच. निम्म्या जणींनी सांगून शिकवलं, निम्म्या जणींनी दाखवून. माझी पाळी शेवटची. तोवर मुली तो पाठ झोपेतही म्हणाल्या असत्या.

तशीच पुढे गेले असते तर पास झाले असते. पण मला त्या ओरडण्याचा राग आला. मी एका टोकाला आणखी एक दगड बांधला.

"आता दगड न काढता काठी आडवी करा."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. पुढे बसलेली सखू म्हणाली, "बाई, पाठ आठेच सरस."

"इथं संपत नाही. ये इकडे."

"दुसऱ्या बाईस्नी नही इचारं."

"मी विचारतेय. ऊठ."

तिनं दोरी हलक्या बाजूला सरकवली. काठी आणखीच कलली. मुली हसल्या, जागा सोडून पुढे आल्या. "उलट कर, उलट!" सखूनं दोरी जड बाजूकडे सरकवायला घेतली आणि घंटा झाली.

पाठाच्या शेवटी उजळणी घ्यावीच लागे. माझी राहिली. साहेबांनी नापास केलं.

व्हरांड्यात मुख्य बाईंनी गाठलं. "तुला कुणी सांगितला होता तिसरा दगड?"

"मुलींना कळलंय का, ते बघायचं होतं."

"कळलं होतं?"

"नाही."

"मग इतके दिवस माझं काय चाललं होतं?"

"मुलींचं पाठांतर."

बाई दुसऱ्या दिवशी तीन दगड घेऊन स्वतः वर्गावर गेल्या. परत आल्या आणि संशोधनाचे आधीचे सगळे निष्कर्ष रद्द केले. पुढच्या तुकडीपासून प्रत्येकीला वेगळा पाठ आणि नवा वर्ग मिळू लागला.

माझा परीक्षेचा निकाल मात्र बदलला नाही. पिंपळनेरची जागा माझ्याच खोलीत राहणाऱ्या गोदावरीला मिळाली. मी पुढच्या परीक्षेत पास झाले, चाळीसगावला लागले.

नोकरी संपेपर्यंत एक सवय राहिली. वर्गातले सगळे हात एकदम वर गेले की मी प्रश्न बदलायची.