नलूची बाटली

रविवार, नऊ ऑगस्ट, लाटंबार्से. हजर: शालनताईंची धाकटी बहीण कुमुद, भाचा श्रीपाद आणि मी. ताई जाऊन महिना झाला होता आणि त्यांची मागची खोली, म्हणजे निवृत्तीनंतरची त्यांची प्रयोगशाळा, आवरायची होती. मी चौदा कामांची यादी करून नेली होती. कुमुदने चहाबरोबर उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, ठेवले आणि म्हणाली, "नलू, आधी खा गो. तुझी यादी पळून जात नाही."

डिचोलीच्या ज्या कॉलेजात ताई रसायनशास्त्र शिकवत, तिथे मी प्रयोगशाळा सहाय्यक होते. समुद्रातले काही जिवाणू अंधारात निळसर उजळतात आणि त्या उजेडामागे फ्लेविन नावाचा रेणू असतो. ताई नुसतं फ्लेविन पाण्यात विरघळवून त्यावर दिव्याचा झोत टाकत आणि उलट येणारी हिरवट चकाकी मोजत. "घेतलेली सगळी ऊर्जा तो उजेड म्हणून परत देत नाही. थोडी उष्णता होऊन जाते, थोडी शेजारचा रेणू नेतो. कोणी किती खाल्ली, ते शोधायचं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आकडा कमी आला की माझ्याकडे बघून विचारत, "उजवाड खंय गेलो गो?"

एका मे महिन्यात हा उजवाड, म्हणजे उजेड, फारच हरवू लागला. ताई पडदे ओढलेल्या खोलीत यंत्रापाशी बसत, मी साठ्याच्या खोलीतून नळी भरून नेई, आणि आकडा रोज खाली. तीन आठवडे. त्यांनी पाणी बदललं, दिवा बदलला. शेवटी, त्या दिवसांत फ्लेविनमध्ये त्या मिसळत असलेलं प्रथिनच ऊर्जा खातंय असं ठरवून शोधनिबंध लिहिला. सोमवारी पाठवायचा होता. शुक्रवारी साठ्याच्या खोलीतलं फडताळ पुसताना मागे राहिलेली एक बाटली हाताला लागली. फॉइल गुंडाळलेली, आत गर्द पिवळं. खिडकीतल्या बाकीच्या मात्र फिकट... ताई बाटल्यांना चुरगळलेली फॉइल कशीही गुंडाळत, ते मला बघवेना. म्हणून मीच ती सोलून काढली होती, सुबक लेबलं लावली होती आणि ती वाचता यावीत म्हणून बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या होत्या. उन्हात फ्लेविन मोडतं, हे मला ठाऊक नव्हतं. लेबलांवर तारीख माझ्याच अक्षरात होती, आणि आकडे उतरायला लागले तीही तीच.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं, आणि ताईंच्या नावावर एक खोटा शोध छापला गेला असता. दोन दिवस माहेरी पेडण्याला जायचं होतं, गेले नाही. सोमवारी त्या संगणक उघडत असतानाच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तीन आठवडे मी तुझ्या टापटिपीवर संशोधन केलं?"

"होय ताई."

"आणि हे सांगायला शुक्रवारपासून सोमवार लागला?"

"होय ताई."

चष्मा पुन्हा लावून म्हणाल्या, "बस. आजपासून प्रत्येक वेळी एक बाटली फॉइलमध्ये, एक खिडकीत. दोन्ही मोजायच्या." प्रथिनाचा निबंध त्यांनी तिथेच पुसून टाकला. तेव्हापासून खिडकीतल्या बाटलीवर त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं असे, 'नलूची'. निवृत्तीनंतर मागच्या खोलीतही ती जोडी चालू राहिली, मोजायला तेवढ्या बाटल्या कॉलेजात नेत. मी शनिवारी गेले की पाहुण्यांना सांगत, "माझा उजवाड खाल्लेली ती ही." आणि पहिला उंडा मलाच देत.

त्या रविवारी तेरा कामं झाली. पुस्तकं बांधली, नळ्या धुतल्या, पडदे उतरवले. चौदावं, बाटल्यांचं, राहिलं. खिडकीत 'नलूची' होती, जवळजवळ पाण्यासारखी. जोडीची दुसरी कपाटात. ताईंच्या वहीत या जोडीची तारीख होती, पुढचे मोजणीचे दोन रकाने कोरे. यंत्र कॉलेजात आहे, श्रीपाद मला गाडीने तिथे नेतो म्हणाला आहे. दोन्ही बाटल्या सध्या माझ्याकडे आहेत. एकीवरची फॉइल चुरगळलेली आहे, ती मी सरळ केलेली नाही. मोजणी अजून व्हायची आहे.