रडण्याला दाद

उस्मानपुऱ्यातल्या लसीकरण केंद्रात मी मुलाला घेऊन गेले होते. माझ्या शेजारी वैजापूरहून आलेले एक आजोबा बसले होते. मांडीवर गुबगुबीत नात. नर्सनं न्यूमोनियाची लस टोचताच नातीनं भोकाड पसरलं आणि आजोबांचा चेहरा एकदम खुलला.

"वा गं माझी वाघीण! अजून जोरात!"

मी बघतच राहिले. तसे ते म्हणाले, "हिच्या थोरल्या भावाला न्यूमोनिया झाला व्हता. जंतू असला निगरगट्ट, आधीची औषधं त्याला लागूच पडंनात. लेकराला रडायलाबी दम नव्हता. शेवटी डॉक्टरांनी औषध बदललं तवा वाचला. म्हणून हिला आधीच लस. आन् हा आवाज लई ग्वाड लागतो बघा!"

तेवढ्यात माझ्या मुलाला सुई टोचली. त्यानं टाहो फोडला. मी त्याला चुचकारायला लागले, तर आजोबा म्हणाले, "थांब पोरी, गाऊ दे की गड्याला!"

त्याचं रडणं ऐकून आणखी दोन लेकरं सुरू झाली. आजोबा मान डोलावत ठेका धरून होते, नर्स हसता हसता खुर्चीत बसली होती. मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते, आणि पोराला गप्प करायचं विसरूनच गेले होते.