खापरावर राहिलेली ओळ

आमच्या देवपूरच्या गल्लीत मांडा किती भाजायचा ते घड्याळ सांगत नाही, मी सांगते. खरं म्हणजे माझी प्रार्थना सांगते. पुरण भरलेली पोळी हातांवर झुलवत झुलवत परातीएवढी करायची, चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर पसरायची आणि प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना सुरू करायची. निम्म्याच्या जरा पुढे गेलं की मांडा उलटायचा, आमेनला उतरवायचा. हे माप माझ्या आईचं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी पिठाच्या हातांनी ते बघितलं कोणी असतं?

आमची शेजारीण शेतकऱ्याची लेक, माहेर खेड्यातलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी नैवेद्यापुरते मांडे ती स्वतः करते, मग मला खापरापुढे बसवते आणि गल्लीभरचे मांडे माझ्याकडून काढून घेते. मी मधेच गप्पांत रमले की तिच्या अहिराणीत ओरडते, "अक्का, आमेन करा ना, काळा पडी ऱ्हायना!"

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आखाजी चार-पाच दिवसांवर आली होती. घरातल्या प्रार्थनासभेत आमच्या तरुण पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभूशी जोडलेलं राहायचं म्हणतो आपण. पण दिवसातून कितीदा त्याच्याशी बोलतो?" कोणी म्हणालं दोनदा, कोणी म्हणालं जेवताना धरून चारदा. मला कुठला दम निघतोय? मी म्हणाले, "मांडे असले तर साठ वेळा." पाळकसाहेबांनी असे काही हात जोडले की मी सहा इंच उंच झाले. "मग अक्का, या रविवारी प्रभूची प्रार्थना तुम्हीच चालवा."

रविवारी चांगली ठेवणीतली साडी नेसून चर्चमध्ये पुढे उभी राहिले. सुरुवात झकास झाली. निम्म्यात आले आणि बघते तर मंडळी एका ओळीवर आणि मी पुढच्या ओळीवर! पुढच्या बाकावरचे चार म्हातारे इमानदारीत माझ्यामागे आले, बाकीचे मागेच राहिले, पाळकसाहेब बिचारे मधे लटकले. आमेन दोनदा झालं. आणि त्या गडबडीत माझा उजवा हात आपोआप उठून हवेतल्या हवेत काहीतरी उलटून आला, ते सगळ्यांनी पाहिलं.

परतताना रिक्षा पांझरेच्या पुलावर आली तेव्हा सून म्हणाली, "आई, एक बोलू?"

"तू न बोलता राहणार आहेस का?"

"तुम्ही क्षमेची ओळ गाळता. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हाला कर, ती. खापरावर नेहमीच गाळता."

"अगं, तेव्हा मांडा उलटायचा असतो. घाई होते."

"घाई आधीही व्हायची. तेव्हा म्हणायचात. जळगावच्या लग्नापासून नाही म्हणत."

मी पुलाखाली बघत राहिले. पाणी नव्हतं, तरी बघत राहिले.

जळगावचं लग्न म्हणजे पुतण्याचं. तिथे मेहरूण भागात माझी मोठी जाऊ राहते, तिच्या मुलाचं. मी हौसेने मांडे केले. जाऊबाईंनी तीस बायकांसमोर त्यातला एक दोन बोटांत धरून उचलला आणि विचारलं, "हा मांडा आहे की गोधडी?" बायका एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या! तीन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नव्हते. रोज सगळ्या नातलगांची नावं घेऊन प्रार्थना करायचे, त्यांच्यापाशी आले की "आणि जळगावचे सगळे" म्हणून आटोपायचे. प्रभूला काय, कळतंच.

त्या रविवारी दुपारी मला झोप नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. मनात अढी ठेवून तो कुठल्या तोंडाने घेऊ? आणि त्याहून मोठी भीती वेगळीच. साठ वेळा, साठ वेळा म्हणून मिरवले, पण मी बोलत कोणाशी होते, प्रभूशी की मांड्याशी? नेमकी जी ओळ मला धरणार होती, तिथेच मी त्याचा हात सोडून उलथणं धरत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी ठरवलं, आज पूर्ण म्हणायची. पहिला मांडा टाकला. त्या ओळीपाशी आले आणि अडले. खोटं कसं म्हणू? आणि गाळू तरी कशी? मांडा जळाला. दुसराही तिथेच जळाला. तिसऱ्याला शेजारणीने कपाळावर हात मारला.

"अक्का, बठ्ठं पुरण वाया जाई! तुमना देव रागावना का?"

"नाही गं. वाट बघतोय."

"मग त्याले सांगा, बाहेर बठीसन वाट देख. आठे खापर तापेल शे!"

आता तिच्या पुरणाचं नुकसान आणि माझ्या जिवाचं, दोन्ही एकदम कसं होऊ द्यायचं? चौथा मांडा खापरावर टाकला आणि सुनेला म्हणाले, "जळगावला फोन लाव. माझे हात पिठाचे आहेत, कानाशी धर."

सुनेने इतक्या झटकन लावला की मला शंका आली, नंबर आधीच काढून ठेवला होता.

"कोण?" जाऊबाईंचा तोच खणखणीत आवाज.

"मी. गोधडीवाली."

मग म्हणाल्या, "खापरापुढून बोलतेस का?"

"हो. जाऊबाई, तीन वर्षं मी तुमच्यावर..."

"मांडा टाकलेला आहे?"

"आहे, पण मला आधी..."

"अगं मग उलट की आधी! क्षमा कुठे पळून चालली आहे?"

मी उलटला. थोडा लागला होता, पण वाचला. धुराचं निमित्त डोळ्यांना बरं झालं. मग म्हणाले, "मी मनातून काढून टाकलंय. तुम्हीही टाका."

"मी तेव्हाच टाकलं. तीस बायांपुढे बोलायला नको होतं, चुकलंच माझं. तुझ्या फोनची वाट बघत होते." आणि वर म्हणाल्या, "पण पीठ घट्ट होतं हं तुझं."

घट्ट नव्हतं. चुलीशपथ सांगते, घट्ट नव्हतं. तोंडाशी आलेलं गिळलं आणि पाचवा मांडा पसरून प्रार्थना सुरू केली. त्या ओळीवर आले आणि कळलं, ही आत्ता लगेच परत लागणार आहे, पिठासाठी. म्हटली. पूर्ण, सावकाश, प्रभूकडे तोंड करून.

तेव्हापासून माझे मांडे जरा खरपूसच होतात. गल्लीतल्या बायका विचारतात, "अक्का, या साली जाळ जास्त लावला का?" मी म्हणते, "जाळ तेवढाच आहे, प्रार्थना एका ओळीने वाढली आहे."