सासऱ्यांची कुजबुज आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर

मी आयुष्यात एकच अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि इगतपुरीच्या भरल्या हॉलमध्ये त्यातून कुणालाही काहीही ऐकू आलं नाही.

सासरे रेल्वेतून निवृत्त. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कुजबुजीएवढा उरलेला. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांना सासूबाईंबद्दल चार शब्द बोलायचे होते, तेही चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदाच! बायको म्हणाली, मांडववाल्याचा साउंड सांगू या. पण नाशिकच्या पॉलिटेक्निकात वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा जावई असताना भाड्याचा साउंड? मी म्हटलं, मी बनवतो.

ट्रान्झिस्टरची कॉमन कलेक्टर जोडणी केली. तिचा आउटपुट रेझिस्टन्स अगदी कमी, त्यामुळे स्पीकरचा भार पडला तरी आवाज दबत नाही. (हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.) घरी मोबाइल जोडून गाणं लावलं, तर स्वयंपाकघरापर्यंत खणखणीत!

हॉलमध्ये मोबाइलच्या जागी माइक आला. सासरे उभे राहिले, त्यांचे ओठ हलले. स्पीकर गप्प. मी बटणं पिळली, वायरी हलवल्या. गप्पच. मग घाम पुसताना फळ्यावरची पुढची ओळ आठवली: व्होल्टेज गेन जवळपास एक, खरं तर किंचित कमीच. म्हणजे आत जाईल तेवढंच बाहेर येणार. मोबाइलचा सिग्नल मुळातच दणकट होता. माइकचा मुंगीएवढा, तो मुंगीएवढाच बाहेर पडत होता. तो आधी मोठा करणारा टप्पा लावायचा असतो, तोच मी विसरलो होतो. (हा प्रश्न मी परीक्षेत सहा मार्कांना विचारतो.)

सासऱ्यांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवायला घेतला. त्यांचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि ते सांगतील ते मोठ्याने बोलायला लागलो.

"सुमन, जन्मभर तू माझ्या ड्युटीचे डबे भरलेस," मी सासूबाईंकडे बघून ओरडलो. "जेवण छान झालंय, असं मी एकदाही म्हणालो नाही. माझं चुकलं."

लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. सासूबाई डोळ्यांना पदर लावून सासऱ्यांकडे बघत राहिल्या.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "छान बोललात. पण माझ्याबद्दल बोलायची वेळ आली, तर तुमच्या कानात कोण सांगणार?"

तास तास वर्ग घेणाऱ्या मला नाशिकचा पाथर्डी फाटा येईपर्यंत एक वाक्य जुळेना. शेवटी धीर करून म्हणालो, "आजचं जेवण छान झालं होतं."

जेवण केटररचं होतं.