कस्तुराची शीळ

माझे वडील, आण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. उसाच्या मिलवर उभी हयात गेली. निवृत्त झाले त्या वर्षी मे महिन्यात म्हणाले, "गवा बघायचाय एकदा." मी कोल्हापुरात शाळेत शिकवत होते, सुट्टीच होती. आम्ही दोघं एसटीनं दाजीपूरला गेलो, गावात मुक्काम केला आणि उजाडता उजाडता अभयारण्यात शिरलो. बरोबर तिथल्याच वस्तीवरचा एक वाटाड्या होता.

गवा दिसला नाही. शेण दिसलं, खुरांचे ठसे दिसले. वाटाड्या म्हणाला, "पावणं, गव्याच्या नादाला लागू नका. पाखरं बघा."

एका ओढ्याशी त्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं. पलीकडच्या झाडीतून शीळ येत होती. एखादा रिकामटेकडा माणूस मधेच चाल विसरत शीळ घालत निघालाय, अशी. "कस्तूर," तो कुजबुजला. मी श्वास रोखून ऐकत राहिले. आण्णाही मान हलवत होते. शीळ रंगात आली आणि त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "कवा बोलणार ते?"

पाखरू गप्प झालं. वाटाड्यानं माझ्याकडं पाहिलं.

"आण्णा, एवढा वेळ बोलतच होतं की."

"व्हय?" ते खडकावर बसले. "बारीक आवाज न्हाय येत मला. मिलवर होतो तवापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमचं बोलणं कळतंय की. पाखरांशी काय काम पडलं न्हाय कधी."

घरी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊन डाळ करपायची आणि आण्णा बाजूलाच बसून पेपर वाचत असायचे. आई आणि मी त्याला बेफिकिरी म्हणत आलो होतो, त्यावरून भांडलोही होतो. खडकापाशी ते आठवलं आणि मी त्यांच्या शेजारी बसले.

पुढं वाटाड्यानं आवाज सांगणं बंद केलं आणि ओढ्यातल्या निवळ्या, पाण्यावर गरगर फिरणारे काळे किडे, दाखवल्या. आण्णा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनीच जवळच्या झुडपाकडं बोट केलं. "ही काडी चाललीया." खरंच, काडीसारखा दिसणारा किडा होता, वाटाड्याला दिसला नव्हता. थोड्या वेळानं जांभळाच्या शेंड्याकडं बघत म्हणाले, "वारं न्हाय, आन् ती एकच फांदी हालतीया." तिथं शेकरू होतं, लांब शेपटी खाली सोडून जांभळं खात.

"एवढं दिसतं कसं तुम्हाला?"

"मिल ऐकू येईना झाली तवा बघूनच चालवायची की. शाफ्ट जरा डुगडुगला तरी कळायचं."

कोल्हापूरला आल्यावर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं, मशीन घेतलं. चार दिवसांनी "भांडी लई वाजत्यात" म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. पुढं आम्ही आणखी दोनदा दाजीपूरला गेलो. मी पक्ष्यांचं पुस्तक घेतलं, दुर्बीण घेतली. दुर्बीण त्यांनी एकदाच डोळ्यांना लावली आणि परत दिली. हिच्यातनं एकच जागा दिसते, म्हणाले.