इथं आठ्या काढून मिळतील

डॉक्टरकी करताना दोन गोष्टी आपोआप साचतात. औषध कंपन्यांनी दिलेले पेन आणि पेशंटचे किस्से. पेन कुणीतरी ढापतं, किस्से राहतात. माझ्याकडं इतके साचलेत की घरात जेवताना मी तोंड उघडलं की नवरा म्हणतो, "आधी वरण वाढ, मग सांग!"

माझं क्लिनिक गारखेड्यात. कातडीची डॉक्टर म्हणून बसले तेव्हा खरूज, नायटा, कोंडा एवढंच यायचं. आता निम्मे पेशंट खुर्चीत बसता बसता म्हणतात, "मॅडम, दहा वर्षं मागं न्या!" आपल्याकडं चिरफाड नाही. बारीक सुया, कातडीचा वरचा थर काढणारं पील, लेझर, झालं. मी स्वभावानं चिडकी. पेशंटनं नीट ऐकलं नाही की मी ओरडते, आणि रिसेप्शनवरची शबाना मागून समजूत घालते, "मॅडम का दिल अच्छा है, बैठो तुम." या दोघींवर, म्हणजे शबानावर आणि तिच्या जिभेवर, माझं दुकान चालतं. नावं-गावं थोडी इकडची तिकडं करून सांगते.

*

बजाजनगरचे पाटील साहेब वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. दोन भुवयांच्या मधे उभ्या आठ्या, अशा की माणूस झोपेतसुद्धा रागावलेला दिसावा. म्हणाले, "मॅडम, लेकीच्या सासरी गेलो की व्याही हात जोडून विचारतात, आमचं काही चुकलं का?"

मी आठ्यांत इंजेक्शनं दिली. त्यानं तिथले स्नायू सैल पडतात आणि कपाळ शांत होतं. पंधरा दिवसांनी साहेब हजर. कपाळ अगदी गुळगुळीत, पण आवाज चढलेला.

"मॅडम, परत करा!"

"काय?"

"आठ्या! आधी मी नुसतं बघितलं की कंपनीतल्या पोरांचे मोबाइल खिशात जायचे. आता कितीबी रागानं बघतो, तर पोरं म्हणतात, गुड मॉर्निंग सर!"

मी म्हटलं, चार महिन्यांत याचा असर आपोआप उतरतो, तोवर डोळ्यांनी नाही, तोंडानं बोला. "बोलायची सवय नाय हो मॅडम," असं पुटपुटत गेले.

चार महिन्यांनी स्वतःहून अपॉइंटमेंट घेऊन आले. मी विचारलं, "आता काय झालं?"

"पोरांनी धाडलं. म्हणाले, सर, तुमची तारीख जवळ आली वाटतं!"

*

ही इंजेक्शनं घेतली की चार तास आडवं व्हायचं नाही आणि खाली वाकायचं नाही. मी हे प्रत्येकाला सांगते. पडेगावच्या एका सूनबाईंनाही सांगितलं. त्या घरी न सांगता आल्या होत्या, आणि इथून थेट दिराच्या वास्तुशांतीला गेल्या!

तिथं सासूबाई, मावससासू, आत्येसासू, सगळ्या ओळीनं बसलेल्या. बाकीच्या सुना पटापट पाया पडल्या. ही मात्र खांबासारखी ताठ, लांबूनच हात जोडून उभी. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नोकरी लागल्यापासून कंबर लवंना झाली बघा आमच्या सुनेची!"

बिचारी गडबडीत बोलून गेली, "आई, कमरेत इंजेक्शन घेतलंय, डॉक्टर वाकू नका म्हणाल्या."

दुसऱ्या आठवड्यात सूनबाई आल्या, मागं सासूबाई. सासूबाईंनी माझा हातच धरला. "बाई, ते कमरेचं इंजेक्शन तुम्हीच देता ना? मला पण द्या, माझी लई दुखती!"

मी सुनेकडं बघितलं. सून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. मी आपली गंभीर चेहऱ्यानं सासूबाईंना माझ्या एका हाडांच्या डॉक्टर मैत्रिणीकडं पाठवलं, तेव्हा कुठं सुनेनं हुश्श केलं. त्यांची कंबर खरंच बरी झाली. दिवाळीला डबा भरून चकल्या आल्या.

तेव्हापासून शबाना प्रत्येक पेशंटला फोनवरच सांगते, "नमस्कार असंल कुणाला, तर आधी उरकून या!"

*

आता गोदाबाईंचं सांगते. त्या आल्या तेव्हा त्यांच्या जुळ्या बहिणीनं, कावेरीताईंनी, त्यांना अक्षरशः ओढत आणलं होतं.

कावेरीताई माझ्या जुन्या पेशंट. बँकेतून रिटायर झालेल्या, केस वेळच्या वेळी रंगवलेले, कपाळावर रेघ नाही. गोदाबाई खुलताबादकडं शेतकऱ्याच्या घरात दिलेल्या. त्यांचं सगळं आयुष्य सीताफळाच्या बागेत गेलं. उन्हानं चेहरा रापलेला, डोळ्यांभोवती, ओठांभोवती खोल रेघा. पहिल्यांदा बघणाऱ्याला सांगूनही खरं वाटलं नसतं की या दोघी एका तासात जन्मल्या.

कावेरीताईंच्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यात नवरदेवाच्या आत्यानं गोदाबाईंकडं बघून कावेरीताईंना विचारलं, "या तुमच्या आई का?"

गोदाबाई तिथं हसल्या. घरी गेल्यावर बहिणीला म्हणाल्या, "लग्नाला येईन, अक्षता टाकीन, पण तुझ्या शेजारी स्टेजवर उभी नाय राहायची. लोकं पोरीला हसतील."

आणि ऋतुजा तर उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या मावशीच्या मांडीवर वाढलेली! तिनं सांगून टाकलं होतं, मावशी स्टेजवर नसेल तर मी फोटोच काढणार नाही.

"मॅडम," कावेरीताई म्हणाल्या, "हिला माझ्यासारखी करा. लग्नाला सहा महिने आहेत."

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, डाग फिके होतील, रेघा थोड्या सैल होतील, पण इतक्या वर्षांचं ऊन कुणालाच पुसता येत नाही. कावेरीताईंचा चेहरा उतरला. गोदाबाईच मला समजावू लागल्या, "सुंदर नका करू हो बाई. हिची बहीण दिसले तरी लई झालं."

त्या वाक्यानंतर मी टेबलावरचा कागद उगाच इकडचा तिकडं केला.

*

लेझरच्या आधी चेहऱ्याला बधीर करायची क्रीम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवतो. पाऊण तास तसं बसावं लागतं. ओठही बधिरतात, बोलणं बोबडं येतं, अंगावर क्लिनिकचा गाऊन. सगळे पांढरे, कुणी कुणाला ओळखू येत नाही.

एकदा गोदाबाई अशाच बसल्या होत्या. समोर एक पांढरे गृहस्थ, शेजारी एक पांढऱ्या बाई.

गृहस्थांनी त्या बाईंना विचारलं, "लई दुखतं का हो मॅडम?"

"नाही हो, मुंगी चावल्यासारखं. तुम्ही अगदी घाबरू नका."

"घरी सांगून आलात?"

"छे! बचत गटाची मीटिंग म्हणून सांगितलं. तुम्ही?"

"ओव्हरटाइम."

मग दोघं पोट धरून हसले. गृहस्थांनी उठून त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी समजूतदार माणसं कमी असतात हो!"

शबानानं आत यायला हाक मारली, "पाटील साहेब!" आणि दोन पांढरे चेहरे एकदम उठले. एक साहेबांचा, एक सौभाग्यवतींचा!

नंतर मी गोदाबाईंना विचारलं, "तुम्हाला पण कळलं नाही?" त्या म्हणाल्या, "कसं कळंल? इतकं गोड बोलत होते, मला वाटलं नवरा-बायको नसणारच!"

*

गोदाबाईंना मी सनस्क्रीनची मोठी ट्यूब दिली आणि दम भरला. शेतात जाताना जाड थर लावायचा, तीन तासांनी पुन्हा, महिनाभर पुरवायची. पंधरा दिवसांत फोन, "बाई, ट्यूब संपली."

मी चिडले. "खाल्ली का काय?"

"नाय हो. आमच्या तण निंदणाऱ्या बायका पण असतात ना शेतात. आपण एकटीनंच लावायचं, कसंतरीच वाटतं. सगळ्यांना दिली. आता पांढरी तोंडं घेऊन ओळीनं निंदतो, रस्त्यावरची लोकं गाडी थांबवून बघतात."

"आणि तुमचे मालक?"

"ते पण लावतात. म्हणाले, ऊन काय फक्त बायकांनाच लागतं व्हय? एक कावेरीच ऐकत नाय. हल्ली दर रविवारी येती शेतावर, दिवसभर माझ्यासोबत सीताफळं तोडती. सगळ्या बायका म्हणतात, लाव, तर नको म्हणती. डोक्यावर पदर सुद्धा घेत नाय, येडी!"

मी शबानाला म्हटलं, कावेरीताईंचं इंजेक्शन बरंच लांबलंय, फोन कर. शबाना म्हणाली, "किया ना मॅडम. हर बार बोलते, नंतर बघू."

औषध कंपनीच्या माणसानं गोदाबाईंच्या शेतासाठी एक खोकं भरून सनस्क्रीन दिली. मी त्याच्यावर नेहमी खेकसायचे, त्या दिवशी त्याला चहा पाजला. असल्या माणसांमुळं माझ्यासारखी चिडकी बाई या धंद्यात टिकली. माझ्याकडं लोक चेहरा घेऊन येतात, आणि स्वतःचं इतकं काही माझ्या पदरात टाकून जातात की मी कुणाकुणाचे आभार मानू!

*

ऋतुजाच्या लग्नाला मी आणि शबाना दोघी गेलो.

गोदाबाईंचा चेहरा खरंच उजळला होता. डाग फिके, डोळ्यांभोवतीच्या रेघा निवळलेल्या. मला वाटलं, जमलं! पण बघते तर बाई मांडवात सगळ्यात मागच्या खुर्चीत, पदर घट्ट ओढून बसलेल्या. मी शेजारी जाऊन बसले.

"काय हो हे?"

"तुम्ही लई केलं बाई. तुमचे उपकार आहेत. पण धीर होईना. वर नवरदेवाकडची सगळी मंडळी उभी आहेत."

मला कधी नव्हे ते रडू यायला लागलं. सहा महिने सुया, लेझर, पील, आणि पेशंट मागच्या खुर्चीत!

तेवढ्यात स्टेजवरून कावेरीताई उतरल्या आणि तरातरा आमच्याकडं आल्या. जवळ आल्यावर मी दचकलेच. केस रंगवलेले नाहीत, पुढून सगळे पांढरे. कपाळावर रेघा परत आलेल्या, गाल उन्हानं रापलेले. मी तिथंच सुरू केलं, "कावेरीताई, अहो काय ही अवस्था! लेकीच्या लग्नात?"

"राहून गेलं हो मॅडम गडबडीत," त्या म्हणाल्या, आणि बहिणीचा हात धरला. "चल गोदे."

"नको गं..."

"चल म्हणते ना!"

ओढत नेलं. ऋतुजानं वरूनच दोन्ही हात पुढं केले. एका बाजूला एक बहीण, दुसऱ्या बाजूला दुसरी, मधे पोरगी. शबानानं माझा दंड घट्ट धरला होता.

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला. मग वैतागून ओरडला, "अहो, नवरीच्या आई कोण तुमच्यातल्या? त्यांनी जरा पुढं या!"

गोदाबाईंनी कावेरीताईंकडं बोट केलं, कावेरीताईंनी गोदाबाईंकडं, आणि दोघी एकदमच म्हणाल्या,

"ही!"